पाचोडचा संध्याकाळचा तास: किशोरींसाठीच्या जीवनकौशल्य शिक्षणाची चिकित्सा

१. प्रस्तावना

ग्रामीण भागातील समुदाय शिक्षण हा विषय अभ्यासताना बहुतेक वेळा आपल्या हाती योजनांची यादी येते. योजनेचे नाव, सुरू झाल्याचे वर्ष, लाभार्थ्यांचा वयोगट आणि उद्दिष्टे एवढे पाठ केले की परीक्षेत गुण मिळतात. पण त्या योजनेमुळे एखाद्या घरात नेमके काय बदलले, हे यादीवरून कळत नाही. म्हणून या घटकात आपण एकाच कार्यक्रमाकडे बारकाईने पाहणार आहोत. महाराष्ट्रात पैठण तालुक्यातील पाचोड परिसरात १९९० च्या दशकाच्या अखेरीस किशोरवयीन मुलींसाठी जीवनकौशल्यांचे वर्ग सुरू झाले. मुलींच्या लग्नाचे वय वाढवणारा कार्यक्रम म्हणून या वर्गांचा उल्लेख आजही देशात आणि परदेशात होतो.

हा लौकिक खोटा आहे असे आपल्याला म्हणायचे नाही. तो कशाच्या आधारावर उभा आहे, त्यातून काय सिद्ध होते आणि काय होत नाही, आणि पुढच्या योजनांनी त्यातले नेमके काय उचलले, हे तपासायचे आहे. शेवटी हेच प्रश्न घेऊन आपण मध्य प्रदेशातील जबलपूर जिल्ह्याच्या पनागर विकासखंडाकडे जाऊ. एका गावात जमलेली गोष्ट दुसरीकडे न्यायची झाली तर कोणते प्रश्न विचारावे लागतात, याचा तो सराव आहे.

हा घटक अभ्यासल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी करता याव्यात:

• समुदाय शिक्षणाच्या कार्यक्रमाचा आशय आणि त्याची रचना यांत फरक करणे.
• मूल्यमापनातील आकड्यांचा छेद काय आहे आणि तुलना कोणाशी आहे, हे विचारणे.
• कुटुंबातील निर्णय कोण घेते आणि कार्यक्रम कोणाला शिकवतो, यांचा मेळ तपासणे.

२. पार्श्वभूमी: योजनांना किशोरी उशिरा दिसली

स्वतंत्र भारतात समुदाय विकास कार्यक्रम २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झाला. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत सुरू झाली. महाराष्ट्रातील धारणी हा त्यांपैकी एक. राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम २ ऑक्टोबर १९७८ चा, आणि त्याचा वयोगट १५ ते ३५. या तिन्हींकडे एकत्र पाहिले की एक जागा रिकामी दिसते. अंगणवाडी सहा वर्षांखालील मूल आणि त्याची आई यांच्यासाठी होती. प्रौढ शिक्षण केंद्रात येणारी बाई बहुधा आधीच संसारात पडलेली असे. शाळा सुटलेली आणि अजून लग्न न झालेली बारा-पंधरा वर्षांची मुलगी या दोन्हींच्या मध्ये होती. घरकाम, धाकट्या भावंडांची देखभाल आणि शेतातली मजुरी ती करत होती, पण कोणत्याच योजनेच्या नोंदवहीत तिचे नाव नव्हते.

कायद्यात मात्र ती होती. १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात १९७८ साली दुरुस्ती झाली आणि मुलीच्या लग्नाचे किमान वय १८, मुलाचे २१ झाले. दोन दशकांनंतर पाचोड परिसरात काय चित्र होते, ते पुढे आकड्यांतून दिसेलच. त्याआधी एवढे लक्षात ठेवू, की कायदा गावात पोहोचण्यासाठी कोणीतरी तो घराच्या उंबरठ्यापर्यंत नेऊन त्यावर बोलावे लागते. समुदाय शिक्षणाचे हे काम आहे.

३. कार्यक्रमाची रचना

पाचोड येथील आरोग्य व्यवस्थापन संस्था ही ग्रामीण आरोग्यावर काम करणारी संस्था. मुलगी लहान वयात सासरी जाते, लगेच बाळंतपण होते, अशक्त आईला कमी वजनाचे मूल होते, ही साखळी अशा कामात रोज समोर येते. दवाखान्यात बसून ती तोडता येत नाही, कारण ती दवाखान्याच्या आधी सुरू झालेली असते. म्हणून लग्न न झालेल्या १२ ते १८ वयाच्या मुलींसाठी, विशेषतः शाळा सुटलेल्या आणि कामावर जाणाऱ्या मुलींसाठी, एक वर्षाचा अभ्यासक्रम आखला गेला.

त्याची रचना साधी होती. आठवड्याच्या कामाच्या दिवसांत रोज संध्याकाळी एक तास वर्ग भरे. वर्षभरात असे २२५ तास. शिकवणारी बाई त्याच गावातली, किमान सातवीपर्यंत शिकलेली, संस्थेने प्रशिक्षण दिलेली. विषयांचे पाच भाग होते: सामाजिक प्रश्न व संस्था, स्थानिक स्वराज्य संस्था, जीवनकौशल्ये, बालआरोग्य व पोषण, आणि आरोग्य. अभ्यासक्रम तयार करताना पालकांनाही सहभागी करून घेतले होते.

या रचनेत तीन निर्णय दडलेले आहेत. पहिला वेळेचा. दिवसा मुलगी शेतात किंवा घरात कामाला जुंपलेली असते, म्हणून संध्याकाळ. दुसरा शिक्षिकेचा. तालुक्याहून जीपने येणाऱ्या बाईंपेक्षा गल्लीतल्या ओळखीच्या बाईकडे मुलीला पाठवणे आईला सोपे जाते. सातवीची अटही विचारपूर्वक घातलेली दिसते. त्या काळी अनेक गावांतली शाळा सातवीपर्यंतच असे, त्यामुळे अशी बाई गावातच मिळण्याची शक्यता अधिक होती. तिसरा निर्णय सातत्याचा. एक दिवसाचे शिबिर लोक विसरतात. रोज संध्याकाळी पंधरा-वीस मुली पुस्तके घेऊन एका घराकडे जाताना दिसल्या, तर त्याची दखल सगळ्या गावाला घ्यावी लागते.

४. आकडे काय सांगतात

या कार्यक्रमाचे मूल्यमापन महिलांविषयी संशोधन करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय केंद्राच्या सहकार्याने झाले. कार्यक्रमाची गावे आणि तुलनेची गावे, अशी मांडणी होती. नोंदवले गेलेले मुख्य निष्कर्ष असे:

• कार्यक्रमाच्या गावांत लग्नाच्या वयाचा मध्यक १६ वरून १७ वर गेला.
• एकूण लग्नांपैकी १८ वर्षांखालील मुलींच्या लग्नांचे प्रमाण ८०.७ टक्क्यांवरून ६१.८ टक्क्यांवर आले. तुलनेच्या गावांत असा लक्षणीय बदल झाला नाही.
• अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या मुलींच्या तुलनेत, तो न मिळालेल्या मुलींचे लग्न १८ च्या आत होण्याची शक्यता सुमारे चौपट होती.

एका वर्षाच्या स्वस्त, गावातल्या गावात चालणाऱ्या वर्गाने एवढे साधले असेल, तर ते मोठेच आहे. सोळाव्या आणि सतराव्या वर्षातला फरक कागदावर एका अंकाचा असतो. शरीराच्या वाढीच्या, पहिल्या बाळंतपणाच्या आणि घरात दोन शब्द बोलण्याच्या धाडसाच्या दृष्टीने तो तसा लहान नसतो. तुलनेची गावे घेतली हेही या मूल्यमापनाचे बळ आहे. त्या काळात लग्नाचे वय देशभर हळूहळू वाढतच होते. तुलना नसती, तर आपोआप झालेला बदलही कार्यक्रमाच्या खात्यात जमा झाला असता.

आता चिकित्सा. या आकड्यांना तीन प्रश्न विचारावे लागतात.

पहिला प्रश्न उरलेल्यांचा. ६१.८ टक्के याचा अर्थ, यशस्वी ठरलेल्या गावांतही शंभरातल्या साधारण ६२ नवऱ्यामुली कायद्याच्या वयाखालच्या होत्या. मध्यक १७ याचा अर्थ निम्म्या मुलींची लग्ने सतरा पूर्ण होण्याच्या सुमारास किंवा त्याआधी झाली होती. 'बालविवाह रोखणारा कार्यक्रम' असे वर्णन आपण वाचतो, तेव्हा 'बालविवाह एक वर्ष पुढे ढकलणारा कार्यक्रम' हे अधिक अचूक वर्णन ठरेल. त्याने कामाचे मोल कमी होत नाही. पुढची अपेक्षा मात्र योग्य ठिकाणी ठेवता येते.

दुसरा प्रश्न छेदाचा. ८०.७ आणि ६१.८ हे प्रमाण झालेल्या लग्नांपैकी आहे, गावातल्या सर्व मुलींपैकी नाही. समजा एका गावात वर्षाला दहा लग्ने होतात आणि त्यांतली आठ १८ च्या आतली आहेत. त्या आठपैकी चार घरांनी लग्न एक वर्ष पुढे ढकलले, तर त्या वर्षी सहाच लग्ने होतील आणि त्यांतली चार १८ च्या आतली असतील. प्रमाण ८० वरून ६७ टक्क्यांवर येईल. पण पुढे ढकललेल्या चार मुलींचे पुढच्या वर्षी काय झाले, ते या आकड्यात नाही. त्या सतराव्या वर्षी बोहल्यावर उभ्या राहिल्या की विसाव्या, हे कळण्यासाठी त्याच मुलींचा काही वर्षे माग काढावा लागतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी वेगळा छेद घेते. २० ते २४ वयाच्या सर्व स्त्रियांपैकी किती जणींचे लग्न १८ च्या आत झाले होते, असे ती विचारते. हे दोन आकडे एका तक्त्यात शेजारी ठेवून तुलना करणे चूक आहे, आणि विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत ती चूक वारंवार दिसते.

तिसरा प्रश्न 'चौपट' या आकड्याचा. वर्षभर टिकून अभ्यासक्रम पूर्ण कोण करू शकते? जिच्या आईवडिलांना आधीपासूनच घाई नाही, जिला संध्याकाळी तासभर मोकळीक मिळते, ती. म्हणजे वर्गात आल्याने लग्न लांबले, की लग्नाची घाई नसलेल्या घरांनीच मुलीला वर्गात पाठवले, हे वेगळे करणे अवघड आहे. दुसरी अडचण अधिक बारीक आहे. जिचे लग्न वर्ष संपण्याआधी झाले ती सासरी गेली, तिचा अभ्यासक्रम अर्धवट राहिला. त्यामुळे 'पूर्ण करणाऱ्या' मुली या निदान तेवढा काळ अविवाहित राहिलेल्याच असतात. अशा गटात लवकर लग्न होण्याचे प्रमाण कमी दिसणारच. म्हणून कार्यक्रमाचा परिणाम सांगताना चौपटीचा आकडा पुढे करू नये. संपूर्ण गावांची तुलना अधिक भरवशाची आहे, कारण तिच्यात वर्गात न आलेल्या मुलीही मोजल्या जातात.

५. वर्गात कोण नव्हते

आता आकडे बाजूला ठेवून कार्यक्रमाच्या गाभ्याकडे पाहू. या अभ्यासक्रमाचे विद्यार्थी म्हणजे मुली. लग्नाचा निर्णय घेणारे लोक वेगळे होते. ग्रामीण मराठवाड्यात सोयरीक ठरते ती वडील, चुलते, मामा आणि गावातले चार जाणते यांच्या बैठकीत. आईचे मत लागते, पण ते बहुधा काळजीच्या भाषेत मांडले जाते: पोर वयात आली, शाळा लांब आहे, आम्ही कामावर गेल्यावर घरात कोण आहे? मुलीला विचारले जाते ते सगळ्यांत शेवटी, आणि तेही होकार गृहीत धरून.

या काळजीमागे हिशेब आहे. मुलगी जास्त शिकली तर तेवढाच शिकलेला मुलगा पाहावा लागतो आणि हुंडा वाढतो. दोन बहिणींची लग्ने एकाच मांडवात उरकली तर खर्च वाचतो, म्हणून थोरलीबरोबर धाकटीचेही उरकले जाते. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतली ऊसतोड हा याच हिशेबाचा आणखी कठोर भाग आहे. तिथे नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' धरला जातो आणि मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. दिवाळीनंतर बिऱ्हाड कारखान्याकडे निघते. वयात आलेली मुलगी मागे ठेवायची कोणाकडे, आणि बरोबर न्यायची तर उसाच्या फडावर पालात तिच्या सुरक्षिततेचे काय, हे दोन्ही प्रश्न लग्नाने सुटल्यासारखे वाटतात.

अशा घरातली मुलगी संध्याकाळच्या तासाला ठाम बोलायला शिकली, आरोग्य शिकली, ग्रामपंचायत कशी चालते ते शिकली. त्यातून घरात काय बदलले असेल? ती एकटी बापाचा निर्णय फिरवू शकेल, असे मानणे म्हणजे दुबळ्या खांद्यावर सगळे ओझे टाकणे आहे. जीवनकौशल्य शिक्षणावरचा हा मूळ आक्षेप आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात निर्णय घेणे, समस्या सोडवणे, भावनांचे समायोजन अशी दहा कौशल्ये सांगितली. ती यादी चांगलीच आहे. पण निर्णय घेण्याचे कौशल्य शिकवले म्हणून निर्णयाचा अधिकार मिळत नाही. प्रश्न घराच्या अर्थव्यवस्थेत आहे आणि उपाय मुलीच्या स्वभावात शोधला जातो, असा उलटा प्रकार होण्याचा धोका या भाषेत आहे.

तरीही पाचोडला लग्नाचे वय हलले. कसे? मूल्यमापनातून याचे थेट उत्तर मिळत नाही, म्हणून पुढचे विधान माझा तर्क म्हणून वाचावे. आशयापेक्षा रचनेने अधिक काम केले असावे. रोज एक तास मुलगी घराबाहेर जाते आणि सुखरूप परत येते, हे वर्षभर पाहिल्यावर आईच्या भीतीची धार बोथट होते. अभ्यासक्रमात पालकांचे मत घेतले गेल्याने वर्ग परका वाटत नाही. 'तिचा कोर्स चालू आहे, पूर्ण होऊ द्या' हे आलेल्या पाहुण्यांना सांगता येण्याजोगे आणि कोणाचाही अपमान न करणारे कारण मिळते. नकार देण्यासाठी गावात अशी कारणे फार थोडी असतात. शाळा हे असे कारण आहे. पाचोडच्या वर्गाने शाळा सुटलेल्या मुलीला तेच कारण पुन्हा मिळवून दिले.

६. तेल, नोकरी आणि वर्ग: बाहेरचा पुरावा

हा तर्क ताडून पाहण्यासाठी दोन अभ्यासांची मदत होते. दोन्हींत गावांची निवड चिठ्ठ्या टाकाव्यात तशी झाली होती, त्यामुळे वर उल्लेखलेला निवडीचा दोष त्यांत कमी आहे.

दक्षिण बांगलादेशात काही गावांत किशोरींसाठी सहा महिन्यांचे सक्षमीकरणाचे वर्ग घेतले गेले. काही गावांत, मुलगी १८ पर्यंत अविवाहित राहिली तर तिच्या घराला दर चार महिन्यांनी स्वयंपाकाचे तेल दिले गेले. काही गावांत दोन्ही झाले, काहींत काहीच नाही. निष्कर्ष असा की, दोन वर्षे तेलासाठी पात्र असलेल्या मुलींत बालविवाहाचे प्रमाण सुमारे एकपंचमांशाने घटले. नुसत्या वर्गांमुळे ते घटले नाही. वर्गांमुळे मुलींच्या शिक्षणात मात्र सुधारणा दिसली.

दुसरा अभ्यास उत्तर भारतातला. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी दिल्लीच्या आसपासच्या राज्यांतील काही गावांत कॉल सेंटरसारख्या नोकऱ्यांसाठी तरुण स्त्रियांची भरती करणारे लोक तीन वर्षे पाठवले. त्या गावांत १५ ते २१ वयाच्या मुलींचे लग्न किंवा बाळंतपण त्या काळात होण्याची शक्यता ५ ते ६ टक्केबिंदूंनी कमी झाली. तिथे कोणी जीवनकौशल्ये शिकवली नव्हती. मुलीच्या शिक्षणाला बाजारात किंमत आहे, एवढेच दिसले होते.

यावरून वर्ग निरुपयोगी आहेत असा निष्कर्ष घाईचा ठरेल. बांगलादेशातला वर्ग सहा महिन्यांचा होता, पाचोडचा वर्षाचा. समाजही वेगळा. २०११ साली जगभरातील २३ कार्यक्रमांचा एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात पाच मार्ग ओळखले गेले: मुलींना माहिती, कौशल्ये आणि आधारगट देणे, पालक व समाज यांच्याशी संवाद, शालेय शिक्षणाची सोय, आर्थिक आधार, आणि कायदा व धोरण. पाचोडचा कार्यक्रम पहिल्या मार्गाने पूर्ण गेला आणि दुसऱ्यावर काही पावले चालला. तिसरा, चौथा आणि पाचवा एका संस्थेच्या हातात नव्हते. तिच्यावर टीका करताना ही मर्यादा मान्य केली पाहिजे. शासनाच्या हातात मात्र पाचही होते.

७. नक्कल करताना काय सुटले

पाचोडनंतरच्या दशकात जीवनकौशल्ये हा शब्द शासकीय योजनांत सर्वत्र आला. २०१० साली सुमारे २०० जिल्ह्यांत सबला योजना सुरू झाली. ११ ते १८ वयाच्या मुलींना अंगणवाडीतून पोषण आहार आणि त्याबरोबर जीवनकौशल्य शिक्षण, अशी ती कल्पना होती. ७ जानेवारी २०१४ रोजी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या आराखड्यात १० ते १९ वयोगट, गावातले सहशिक्षक मुलगे व मुली म्हणजेच 'साथिया', आणि दर तिमाहीला किशोर आरोग्य दिन आहे. मुलग्यांना बरोबर घेतले, ही यातली खरी प्रगती. पाचोडच्या वर्गात ते नव्हते.

पण विषयसूची घेताना वर्गाची लय हातून सुटली. ज्या अंगणवाडी सेविकेकडे लहान मुले, गरोदर माता, लसीकरणाची मदत आणि नोंदवह्यांचा ढीग आहे, तिच्याकडेच किशोरींचेही शिक्षण सोपवले गेले. संध्याकाळी रोज एक तास देणारी स्वतंत्र बाई या आराखड्यात नाही. तिमाही दिन कितीही चांगला झाला, तरी पाहुण्यांना 'कोर्स चालू आहे' असे सांगण्याची सोय तो देत नाही.

वयोगटाचेही तसेच झाले. सबलाची जागा घेणारी किशोरींची योजना २०१८ पासून देशभर गेली, पण ११ ते १४ वयाच्या, शाळाबाह्य मुलींपुरती राहिली. पुढे सक्षम अंगणवाडी व पोषण २.० मध्ये वयोगट १४ ते १८ झाला, तर व्याप्ती आकांक्षी जिल्हे आणि ईशान्येकडील राज्ये एवढी उरली. ज्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी घरात लग्नाची बोलणी सुरू होतात, त्या वर्षीची मुलगी देशाच्या मोठ्या भागात पुन्हा त्या जुन्या रिकाम्या जागेत जाऊन पडली.

८. हा तास पनागरला भरवायचा तर

जबलपूर शहरापासून सिहोरा-कटनीच्या दिशेने निघाले की पनागर लागते. समजा तिथल्या विकासखंडातील गावांसाठी पाचोडसारखा कार्यक्रम आखण्याचे काम तुमच्या गटाला मिळाले. सुरुवात कोठून कराल?

आधी एक सोपा समज बाजूला ठेवा. मध्य प्रदेश मागासलेला आणि महाराष्ट्र पुढारलेला, म्हणून इकडचा कार्यक्रम तिकडे न्यायचा, हा तो समज. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी १८ च्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये मध्य प्रदेशात ३२.४ टक्के आणि महाराष्ट्रात २६.३ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते अनुक्रमे २३.१ आणि २१.९ टक्के झाले. सहा टक्केबिंदूंचे अंतर सव्वावर आले. शिकवायला जाण्याआधी तिथे काय घडले, ते शिकून घ्यायला हवे.

या घसरणीचे श्रेय पटकन लाडली लक्ष्मी योजनेला दिले जाते. मध्य प्रदेशाने २००७ साली सुरू केलेल्या या योजनेत मुलगी २१ वर्षांची झाल्यावर एकरकमी पैसे मिळतात आणि १८ च्या आत लग्न न करणे ही अट आहे. पण वर शिकलेली सवय इथे वापरा आणि जन्मवर्षे मोजा. योजना १ जानेवारी २००६ नंतर जन्मलेल्या मुलींसाठी आहे. २०१९-२१ च्या पाहणीत २० ते २४ वयाच्या स्त्रिया साधारण १९९५ ते २००१ या काळात जन्मलेल्या. त्यांच्यापैकी कोणीही या योजनेची लाभार्थी असू शकत नाही. योजनेचा खरा हिशेब आता कुठे सुरू होतो आहे. शिवाय बांगलादेशातले तेल दर चार महिन्यांनी घरात येत होते. एकविसाव्या वर्षीची रक्कम पंधराव्या वर्षी ठरणाऱ्या सोयरिकीत किती वजन टाकते, हा पनागरच्या घरांत जाऊन विचारण्याचा प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न वेळेचा. जबलपूर जिल्हा हिरव्या मटारसाठी ओळखला जातो. हिवाळ्यात मटार तोडणीचा हंगाम येतो, तेव्हा घरातल्या बायका-मुली कोठे असतात, संध्याकाळी किती वाजता परततात? पाचोडची संध्याकाळ तिथे सोयीची असेलच असे नाही. तिसरा प्रश्न शहराच्या जवळिकीचा. बस किंवा ऑटोने शहरातल्या महाविद्यालयात जाता येते, ही पाचोडला सहज न मिळालेली संधी आहे. मात्र त्या प्रवासातली छेडछाड आणि मोबाइलवरून जुळणाऱ्या ओळखींची घरच्यांना वाटणारी धास्ती, ही लग्न लवकर उरकण्याची नवी कारणेही ठरू शकतात. अशा ठिकाणी प्रवासाची सुरक्षित सोय हा अभ्यासक्रमाइतकाच महत्त्वाचा घटक होईल. चौथा प्रश्न योजनांचा. जबलपूर आकांक्षी जिल्ह्यांच्या यादीत नाही, त्यामुळे किशोरींच्या पोषण योजनेच्या नव्या रूपावर विसंबता येणार नाही. रोजच्या तासाच्या बाईंचे मानधन कोठून येईल, हे पहिल्याच दिवशी ठरवावे लागेल. पाचवा प्रश्न भाषेचा. महाराष्ट्रात तयार झालेले धडे जसेच्या तसे अनुवादून चालणार नाहीत. त्या गावांत सोयरीक, मानपान आणि अब्रू यांविषयी लोक ज्या शब्दांत बोलतात, त्याच शब्दांत धडे तिथल्या पालकांबरोबर बसून नव्याने लिहावे लागतील.

९. समारोप

पाचोडच्या कार्यक्रमाने एक गोष्ट नक्की दाखवली. लग्नाचे वय ही परंपरेची न हलणारी शिळा नाही. गावातल्याच सातवी शिकलेल्या बाईने रोज एक तास दिला तर ती हलू शकते. त्याच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. शिकवले मुलीला आणि निर्णय राहिला इतरांच्या हाती. घराचा हिशेब फारसा बदलला नाही, म्हणून लग्न टळण्याऐवजी बहुधा पुढे सरकले. पुढच्या योजनांनी धड्यांची यादी घेतली आणि रोजचा तास सोडून दिला.

ग्रामीण भागातील शिक्षणाचा कोणताही कार्यक्रम तपासताना म्हणून आधी त्याचे वेळापत्रक मागवा, शिकवणाऱ्या व्यक्तीचे मानधन विचारा आणि ज्यांनी बदलायचे आहे ते लोक वर्गात आहेत का, ते पाहा. उद्दिष्टांचे पान त्यानंतर वाचले तरी चालेल.

स्वाध्याय

१. 'झालेल्या लग्नांपैकी' आणि '२० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी' या दोन छेदांतील फरक स्वतःचे काल्पनिक उदाहरण घेऊन स्पष्ट करा.
२. अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या आणि न मिळालेल्या मुलींची तुलना दिशाभूल करणारी का ठरू शकते?
३. तुमच्या गावात किंवा वस्तीत मुलीच्या लग्नाचा निर्णय कोण कोण घेतात? त्यांच्यापैकी प्रत्येकासाठी समुदाय शिक्षणाचा वेगळा कार्यक्रम आखायचा झाला तर वेळ, जागा आणि शिकवणारी व्यक्ती कोणती निवडाल?
४. एकविसाव्या वर्षी मिळणारी मोठी रक्कम आणि दर चार महिन्यांनी मिळणारी छोटी मदत, यांपैकी तुमच्या भागात कोणती अधिक परिणामकारक ठरेल? सकारण लिहा.